कागदाची देवघेव

संक्रांतीच्या आठवड्यात पोस्टमन गल्लीत शिरला की जामबागेतल्या मराठी घरांतली मुले दाराशी धावत असत. परभणी, नांदेड, बीदर, गुलबर्गा अशा गावांहून लहान लहान पाकिटे येत. पाकीट हातात घेऊन हलविताच आत काहीतरी खुळखुळे. तो हलवा असे. टपालकचेरीतल्या शिक्क्याच्या ठोक्याने त्याचे निम्मे दाणे फुटलेले असत आणि पाकिटाच्या कोपऱ्यात साखरेचा चुरा जमलेला असे. मुले तोही बोटाने टिपून घेत. हलव्याबरोबर एक कागद असे. कोणी छापील भेटकार्ड पाठवी; परंतु पुष्कळ घरांतून तो कागद हाताने सजविलेला येई. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर रंगीत कागदाचे कातरकाम चिकटविलेले, कडेने सुईने टोचून काढलेली नक्षी आणि मध्ये मावशीच्या किंवा आत्याच्या वळणदार अक्षरात दोन ओळी.

इकडून उत्तरादाखल काय जाई? हैदराबादेत संक्रांत म्हणजे पतंग. धूलपेठेतून आणलेला पतंग फाटला की त्याचा कागद टाकून देत नसत. त्यातूनच वीतभर पतंग कापून, त्यावर चार अक्षरे लिहून तो पाकिटात घालीत. तिकडचा तीळ इकडे येई आणि इकडचा पतंग तिकडे जाई. हाताने केलेल्या आणि जुन्या कागदांच्या या देवघेवीविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण ती थांबत चालली आहे आणि ती थांबू नये असे आमचे मत आहे.

आपल्या हैदराबादेत टपालाला एक विशेष अर्थ आहे. निजामाच्या राज्याचे टपालखाते स्वतंत्र होते. त्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या तिकिटांवरही किंमत फारसी लिपीत, इंग्रजीत, तेलुगूत आणि मराठीत छापलेली असे. आपली भाषा त्या राज्याच्या तिकिटावर, अगदी लहान अक्षरांत का होईना, होती. 1931 सालच्या सचित्र तिकिटांत चारमिनार होता, तसेच अजिंठ्याचे लेणे आणि दौलताबादही होते. 1950 साली हे खाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्याचीच वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. ज्या कुटुंबाची घरे परभणीस, बीदरास आणि जामबागेत होती, ते घरातून एक पाऊलही न हलता तीन राज्यांत विभागले गेले. 1972 साली 15 ऑगस्टला पिन क्रमांक सुरू झाले तेव्हा नांदेड-परभणीकडील पत्त्यांवर 431, बीदरकडील पत्त्यांवर 585 आणि आपल्या पत्त्यावर 500 हे आकडे आले. ही योजना ज्यांनी आखली ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी भाषिक होते आणि संस्कृतचे मोठे कवी होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. नकाशाने जे तोडले ते पाकिटांनी जोडून ठेविले. दूरच्या गावची मराठी आमच्या कानांवर पडत नव्हती, ती टपालाने येत होती.

आता कोणी म्हणेल, मोबाईलवर क्षणात चित्र पाठविता येते, मग कात्री, खळ आणि टपालाचे तिकीट यांचा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. निरोप पोचविण्याच्या कामी मोबाईलच श्रेष्ठ आहे. आजी रुग्णालयात असता पोस्टकार्डाची वाट पाहणे हा वेडेपणा ठरेल. परंतु निरोप निराळा आणि भेट निराळी. मोबाईलवरून पाठविलेले चित्र पाठविणाऱ्यापाशीही जसेच्या तसे राहते. तेच चित्र शंभर जणांस जाते आणि कोणाच्याही घरातून काहीच जात नाही. टपालात टाकलेला कागद मात्र आपल्या घरातून खरोखर जातो. तो पुन्हा आपला होत नाही. ज्यात आपले काही कमी होते, तेच देणे. 'फूल ना फुलाची पाकळी' असे आपण म्हणतो, तेव्हा पाकळी लहान असली तरी ती आपल्या झाडाची असते, हेच त्यातून सुचविलेले असते.

येथे एक अडचण उभी राहते. नवा कागद द्यावा हे ठीक. पण जुना कागद द्यावा काय? छंद म्हणून जुन्या वस्तूंची अदलाबदल करणारे लोक जगभर आहेत. काडेपेट्यांवरची चित्रे, सिनेमाची हस्तपत्रके, बसची तिकिटे, जुन्या पत्रिका, शुभेच्छापत्रे अशा चार दिवसांसाठी छापलेल्या कागदांची ते टपालाने देवघेव करतात. आपल्या शहरातही आबिड्सच्या पदपथावर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे एखाद्या पुस्तकाच्या पोटातून जुने पोस्टकार्ड किंवा बसचे तिकीट निघते आणि पाहणाऱ्यास हर्ष होतो. हा हर्ष आम्हांसही ठाऊक आहे. परंतु त्याच हर्षाच्या भरात आमच्या हातून एक चूक झाली. ती येथे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आम्ही आठव्या इयत्तेत असताना तिकिटे जमविण्याचा नाद लागला होता. घरातल्या पत्र्याच्या पेटीत आजोबांनी जपलेली पत्रे होती. त्यांत एक निजामी पोस्टकार्ड होते. तिकीट कार्डावरच छापलेले होते. दुसऱ्या मुलाकडे एका परदेशी तिकिटाची जोडी होती आणि त्याने अदलाबदलीस होकार दिला होता. आम्ही कात्री घेतली, कार्डाचा कोपरा कापला आणि तिकीट मिळविले. मागल्या बाजूस काय लिहिले आहे हे पाहण्याचेही आम्हांस सुचले नाही. पुष्कळ वर्षांनी ते कार्ड पुन्हा हाती आले तेव्हा आम्ही ते प्रथम वाचले. 1948 सालच्या सप्टेंबरात झालेल्या पोलीस कारवाईनंतर काही आठवड्यांनी आजोबांच्या थोरल्या बहिणीने ते परभणीहून लिहिले होते. सर्व सुखरूप आहोत, दार लावून घरात होतो, आता दळण आणावयास बाहेर पडलो, असा मजकूर होता. पत्ता आजोबांचा होता. परंतु पत्र त्यांच्या तीन मुलांपैकी एकास लिहिलेले होते. मायना वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि तोच कोपरा आम्ही कापलेला होता. 'अनेक उत्तम आशीर्वाद' हे शब्द शिल्लक आहेत. ते कोणास दिले, ते नाव गेले. ज्या तिघांपैकी कोणीतरी ते सांगू शकले असते, ती तिघेही आज नाहीत. बदल्यात मिळालेले परदेशी तिकीट कोठे गेले हेही आम्हांस आठवत नाही.

या चुकीतून आम्ही एक नियम शिकलो. जे जुने आणि एकुलते एक, ते राखावे. जे नवे आणि एकुलते एक, ते द्यावे. लग्नपत्रिकेच्या पाच प्रती उरल्या असतील तर त्यांतली एक खुशाल दूरच्या मित्रास पाठवावी. काडेपेटीचे चित्र दोनदा आले असेल तर दुसरे द्यावे. परंतु हाताने लिहिलेल्या पत्राची दुसरी प्रत जगात नसते. ते देवघेवीत घालू नये. ते दूरच्या भावंडास दाखवावेसे वाटले तर त्याचे छायाचित्र पाठवावे. तेथे मोबाईलसारखा दुसरा मदतनीस नाही. याउलट, आपण हाताने केलेला कागद एकुलता एक असला तरी तो पाठविताना मन घट्ट करावे. तो द्यावयाचाच आहे. त्यातच त्याचे मोल आहे.

नियमाबरोबर थोडे कामाचेही सांगतो. जुन्या पाकिटावरचे तिकीट कापू नये. तिकिटापेक्षा त्यावरचा शिक्का पुष्कळदा अधिक बोलका असतो. कोणत्या गावाहून, कोणत्या दिवशी पत्र निघाले हे तोच सांगतो. जुन्या कागदास चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदावर डाग सोडते. फाटलेला कागद जोडावयाचा तर गव्हाच्या पिठाची पातळ खळ बरी. त्याचे लॅमिनेशनही करू नये. ते पुन्हा सुटत नाही. जुन्या छायाचित्रामागे किंवा पत्रिकेमागे, ही कोणाची आणि कोठली, हे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. दहा वर्षांनी ते सांगणारे माणूस असेलच असे नाही.

नवा कागद करताना तो कसला आहे याचाही विचार करावा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, म्हणून उन्हात चार दिवसांत पिवळा पडतो. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाचे तंतू लांब असतात. तो शतकानुशतके टिकतो. असा कागद करणारे गाव आपल्याच जुन्या राज्यात होते. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारा कागजीपुरा या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. पुण्यातही हातकागदाची संस्था 1940 साली निघाली. प्रत्येक मुलाने हातकागदच आणावा असे आमचे म्हणणे नाही. घरातल्या पत्रिकेची कोरी पाठ, वहीचे उरलेले पुठ्ठे, फाटलेला पतंग हे सारे चालेल. छत्ताबाजारात पत्रिका छापणाऱ्यांच्या दुकानांत कागदाच्या कापलेल्या कडा निघतात. विनयाने मागितल्या तर पसाभर मिळतीलही.

हे सर्व आजच लिहिण्याचे कारण असे की टपालाची वाटही अरुंद होत आहे. तारा 2013 च्या जुलैत बंद झाल्या. नोंदणीकृत बुकपोस्टाने पुस्तके स्वस्तात पाठविण्याची सोय 2024 च्या डिसेंबरात संपली. रजिस्टर्ड टपाल 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झाले. डेन्मार्क देशाच्या टपालसंस्थेने तर चारशे वर्षांची परंपरा मोडून 2025 च्या अखेरीस पत्रे वाटणेच थांबविले. दुसरीकडे, 2005 साली पोर्तुगालमधल्या एका तरुणाने 'पोस्टक्रॉसिंग' नावाची योजना काढली. तीत आपण एका अनोळखी माणसास पोस्टकार्ड पाठवावयाचे आणि आपल्यास दुसऱ्याच कोणा अनोळखी माणसाचे यावयाचे. आजवर सात कोटींहून अधिक कार्डे अशी पोचली आहेत. तेव्हा लोकांस टपाल नको आहे असे नाही. लोकांस त्याची सवय राहिलेली नाही, एवढेच. भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी पाव आण्यास मिळू लागले आणि आजही ते अत्यंत स्वस्त आहे. महाग झाला आहे तो आपला अर्धा तास.

जामबागेत राहणाऱ्या आपणांस आणखी एक कारण आहे. आपण घरात मराठी बोलतो, पण रस्त्यावर तेलुगू, हिंदी आणि दखनी ऐकतो. मोबाईलवर आपली पुष्कळ मुले मराठी शब्द इंग्रजी अक्षरांनी लिहितात. अशा स्थितीत मराठी लिहिण्याचे प्रसंग शाळेच्या वहीपुरतेच उरतात आणि वही तपासणारे शिक्षक सोडल्यास ते अक्षर कोणी वाचत नाही. ज्या अक्षराची कोणी वाट पाहत नाही, ते सुधारावे तरी कोणासाठी? परभणीच्या मामेबहिणीस कार्ड पाठविताना मात्र मूल आपोआप शब्द तपासून घेते, खाडाखोड टाळते, 'सौ. मामीस सा. नमस्कार' हे कसे लिहावे ते आईस विचारते. असे शिक्षण आम्ही वर्गात देऊ म्हटले तरी देता येत नाही.

पालकांस आमची एकच विनंती आहे. घर बदलताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना जुन्या कागदांची पेटी रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एक दुपार मुलांबरोबर ती उघडून बसा. काय राखावे आणि काय द्यावे, हे त्यांच्यासमोर ठरवा. एखादे अक्षर कोणाचे आहे ते सांगा.

आणि विद्यार्थी मित्रहो, येत्या संक्रांतीस प्रत्येकाने एक कागद स्वतःच्या हाताने करावा, त्याबरोबर घरात दोन प्रती असलेला एखादा जुना कागद घालावा आणि नांदेड, बीदर, पुणे, जेथे आपले कोणी असेल तेथे तो पाठवावा. कोणीच नसेल तर वर्गमित्राच्या गावच्या मित्रास पाठवावा. उत्तर आले तर त्याचे पाकीट तिकिटासह अखंड ठेवावे. नाही आले तर पुन्हा पाठवावे. देवघेवीत पहिले देणे कोणीतरी करावेच लागते. पत्राचा मायना लिहिताना नाव स्पष्ट लिहावे. आशीर्वाद कोणास आणि नमस्कार कोणाचा, हे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यासही कळले पाहिजे.