धास्तीचीही तपासणी हवी

ताप आला की संभाजीनगरकर घाटी रुग्णालय गाठतात. परीक्षेच्या धास्तीने झोप उडाली तर मात्र विद्यार्थी ती लपवतात. हा भेद अशास्त्रीय आहे. धास्तीत छाती धडधडते ती अ‍ॅड्रिनॅलिनमुळे. त्यात लाज कसली?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली. तिचे सूत्र प्रयोगशाळेतलेच आहे : विधान तपासून पाहा. ‘मी गणितात नापास झालो’ हे निरीक्षण. ‘म्हणून मी नालायक’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अशी तपासणी तज्ज्ञांच्या मदतीने शिकता येते.

घाटीत मनोविकार विभाग आहे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. शिक्षकांनी तो प्रत्येक वर्गात ठळकपणे लावावा, असे आम्हांस वाटते.