शनिवारी छाती का भरते?

लूमवर वीस वर्षे काढलेला माणूस घरीही ओरडूनच बोलतो. मागून बायकोने हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही. पोरे हसतात. लग्नाच्या दस्तरखानावर दोस्त चिमटे काढतात. ‘लूमवाल्याचा आवाज आहे, मियाँ’ म्हणून विषय संपतो. हा माणूस बहिरा झाला आहे, आणि त्याला बहिरा करणारा कारखाना आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच जमातीतल्या सेठचा आहे, हे मात्र कुणी बोलत नाही.

आज तेच बोलायचे आहे.

मालेगावची ओळखच यंत्रमाग. उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी हे शहर उभे केले. हातमाग गेला, विजेचा माग आला, आणि घराघरात खटखट सुरू झाली. जुन्या पद्धतीच्या धोट्याच्या मागांची शेड सुरू असताना आत उभे राहिले तर शेजारच्या माणसाचे बोलणे कळत नाही, खुणेने बोलावे लागते. अशा शेडमधला आवाज 95 ते 100 डेसिबलच्या घरात सहज जातो. कारखान्यांच्या सुरक्षा नियमांचा हिशोब साधा आहे: 90 डेसिबलमध्ये आठ तास, 95 मध्ये चार, 100 मध्ये फक्त दोन. आपला कारागीर तिथे बारा तास उभा असतो. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 72 तास. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने आखलेली हद्द 48 तासांची होती.

कानाचे हे झाले. छातीचे त्याहून वाईट आहे.

कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा आजार होतो. त्याची खूण विलक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. पुढच्या दिवसांत त्रास कमी होतो, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. काही वर्षांनी तो रोजचा होतो, आणि एकदा गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही. इंग्लंडच्या गिरण्यांना सुट्टी रविवारी असे, म्हणून तिकडे हा सोमवारचा आजार ठरला. डॉक्टरीच्या पुस्तकांतही सोमवारच आला. पण मालेगावात लूम बंद असतात शुक्रवारी. आपल्या कारागिराची छाती भरते शनिवारी. ‘सोमवारी त्रास होतो का?’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. मग त्याला दम्याची नाहीतर टीबीची गोळी घेऊन घरी जावे लागते. सर्वात जास्त धूळ कताईत असते हे खरे, पण मागाच्या शेडमध्येही ती उडतेच, आणि घरी कांडी भरणाऱ्या बायकांच्या चुलीपर्यंत ती पोचते.

बिसिनोसिस आणि आवाजाने आलेला बहिरेपणा हे दोन्ही कायद्याच्या यादीतले व्यवसायजन्य आजार आहेत. नुकसानभरपाईच्या कायद्यातही ते आहेत. पण भरपाई मागायला आधी तुम्ही कुणाचे कामगार आहात हे सिद्ध करावे लागते. हजेरीपत्रक नाही, नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही. एकाच छताखाली तीन भावांच्या नावाचे तीन मीटर. एक कारागीर चार-सहा-आठ लूम सांभाळतो, म्हणजे मोठी शेडही मूठभर माणसांवर चालते. कागदावर हा कारखानाच नाही! त्यात केंद्राच्या 2020 च्या सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. सरकारने दार आणखी रुंद केले, आणि आपले सेठ त्यातून आरामात बाहेर पडले. नेमणुकीचे पत्र द्या असे तीच संहिता सांगते, ते मात्र कुणाला आठवत नाही.

2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. सरकारी नोकरीतला आपला टक्का किती कमी, हे आपण भाषणांतून पाठ केले. तो राग रास्तच होता. पण त्याच अहवालात असेही होते की मुस्लीम कामगार मोठ्या प्रमाणात असंघटित आणि घरगुती कामांत अडकलेला आहे, जिथे ना करार आहे, ना सुरक्षा. ते पान आपण उलटले. कारण पहिल्या पानावर आरोपी सरकार होते. दुसऱ्या पानावर आरोपी आपल्या शेजारी, पहिल्या सफमध्ये उभा होता.

यावर मिळणारी उत्तरे मला ठाऊक आहेत.

पहिले उत्तर: ‘धंद्यात उरलेय काय? सुताचे भाव, विजेचे बिल, लूम भंगारात निघालेत.’ मंदी खोटी नाही. लहान मालकाची ओढाताण मी नाकारत नाही. पण पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवायला किती लागते? कानात घालायचे प्लग, तोंडाला चांगला मास्क, रात्री शेडमध्ये झोपणाऱ्यांसाठी बाहेरून कुलूप नसलेला दरवाजा, यांनी कुणाचे दिवाळे निघालेले नाही. जाळीच्या पैशाचा हिशोब मांडणाऱ्याने तुटलेल्या बोटाचाही मांडावा.

दुसरे उत्तर: ‘कारागीरच ऐकत नाहीत, मास्क काढून टाकतात.’ का काढतात? मजुरी कापडाच्या मीटरवर आहे. लूम थांबला की कमाई थांबली. म्हणून तो चालत्या मागाची सफाई करतो, म्हणून त्याला उकाड्यात मास्क नकोसा होतो. घाईची मजुरी ठरवायची आणि घाईबद्दल मजुरालाच दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

तिसरे उत्तर सगळ्यात जड: ‘जे तकदीरमध्ये आहे ते होणारच.’ पैगंबरांना एकाने विचारले होते, उंट बांधू की अल्लाहवर भरोसा ठेवून मोकळा सोडू. आधी बांध, मग भरोसा ठेव, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पट्ट्यावरची जाळी म्हणजे उंटाची दोरी. दोरी न बांधता तवक्कुलचे नाव घेणे हा तवक्कुल नव्हे, तो खर्च वाचवणे आहे.

मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही हदीस प्रत्येक सेठला पाठ असते. हाताखालच्या माणसावर झेपणार नाही असे ओझे टाकू नका, टाकलेच तर स्वतः हात लावा, ही दुसरी शिकवण मात्र जुम्याच्या खुतब्यात क्वचित ऐकू येते. मिंबरावरून टीव्हीवर बोलले जाते, मुलींच्या मोबाइलवर बोलले जाते. बारा तासांच्या पाळीवर का नाही?

रमजानमध्ये तोच सेठ जकात काढतो. त्याच कारागिराच्या घरी राशन जाते, औषधाला पैसे जातात, उद्या कफनालाही जातील. देणाऱ्याच्या नियतीवर मला शंका नाही. पण जिवंतपणी छाती वाचवणे हा कारागिराचा हक्क आहे, आणि हक्क बुडवून दिलेली खैरात म्हणजे उधारीचे व्याज दान म्हणून मोजणे. जकातीने गरिबाचे पोट भरते, मालकाची जबाबदारी फिटत नाही.

‘बाहेरून इतके हल्ले होत असताना घरातली भांडणे चव्हाट्यावर कशाला?’ असे काही मित्र म्हणतील. घरातला माणूस घुसमटत असेल तर खिडकी उघडणे म्हणजे भांडण नव्हे.

मागणी लांबलचक नाही. आठ तासांच्या तीन पाळ्या. प्रत्येक पट्ट्याला जाळी. झाडू फिरवून धूळ उडवण्याऐवजी ती ओढून घेणारी यंत्रे, निदान सामाईक. नेमणुकीचे पत्र. वर्षातून एकदा कान आणि फुप्फुस तपासणी. शहरात ट्रस्टचे दवाखाने आहेत, त्यांनी शनिवारी सकाळी ही तपासणी ठेवावी आणि डॉक्टरांनी सोमवारऐवजी शनिवारबद्दल विचारावे. सरकारने कारखान्याची व्याख्या माणसे मोजून नव्हे, धोका मोजून करावी.

येत्या शुक्रवारी लूम बंद असतील आणि मशिदी भरलेल्या असतील. मालक आणि कारागीर एकाच सफमध्ये, खांद्याला खांदा लावून उभे राहतील. इमामाचा आवाज त्यातल्या किती जणांना नीट ऐकू येतो, एवढे तरी सलाम फेरल्यावर शेजाऱ्याला विचारा.