परवान्याची कला

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यात आहे. याच मुलखात निजामाच्या ‘गश्ती निशाण ५३’ने साध्या सभेलाही परवान्याचे जोखड घातले. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ गायिल्याबद्दल विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठातून काढण्यात आले. सप्टेंबर १९४८ च्या लष्करी कारवाईने निजामी गेली. १९४९ अखेरपर्यंत लष्करी गव्हर्नरची राजवट राहिली, पुढे तीही संपली. परवाना मात्र संपला नाही! महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी आजही सरकारनियुक्त परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते.

निजामाला गाण्याचे भय वाटले, कारण त्याला जनतेची संमती नव्हती. लोकनिर्वाचित सरकारला कसले भय? मुक्तिदिनी सरकारी मानधनावर पोवाडे गाणाऱ्या कलावंतांनीही हा प्रश्न विचारला पाहिजे. पूर्वपरीक्षण रद्द करा, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगावी न्यावी.