आधी नदीत उतरू तर द्या!

पुण्यात वीकेंडचा प्लॅन ठरवताना कुणी ‘चला, नदीत कयाक चालवू’ म्हटलं, तर सगळे आधी हसतील आणि मग नाक दाबतील. पण याच शहरात सीओईपीची मुलं संगमाजवळच्या बोट क्लबवर वर्षानुवर्षं वल्ही मारतात. त्यांचा रेगाटा १९२८ पासून होतोय. बोट क्लब रोडला ज्याच्यामुळे हे नाव मिळालं, तो क्लब तर १८६८ चा. म्हणजे नदीत उतरायची सोय आहे. फक्त त्यासाठी अ‍ॅडमिशन नाहीतर मेंबरशिप लागते.

बाकीच्यांनी काय करायचं? बंड गार्डनच्या उद्यानात जायचं आणि लांबून नदी बघायची.

सध्या मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा काठ सुधारायचं काम सुरू आहे. ट्रॅक होतील, बाकं येतील, रील्सही मस्त बनतील. माझी मागणी छोटी आहे. बंड गार्डनसारख्या सार्वजनिक बागेतून थेट पाण्यापर्यंत जाणारा एक उतार ठेवा. स्वतःची कयाक आणणाऱ्याला फुकट, बाकीच्यांना परवडेल अशा भाड्यात. लाइफ जॅकेट सक्तीचं.

‘एवढ्या घाण पाण्यात?’ हा प्रश्न रास्तच आहे. आपल्या नद्या देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहेत. मैलापाणी शुद्ध करणाऱ्या ११ केंद्रांच्या ‘जायका’ प्रकल्पाचा करार झाला २०१६ मध्ये, पायाभरणी २०२२ मध्ये! त्यात उन्हाळ्यात जलपर्णी, आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पाण्यात जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणूनच उताराशेजारी एक बोर्ड हवा. त्यावर पाण्याच्या ताज्या तपासणीचे आकडे आणि हिरवा किंवा लाल बावटा. विसर्ग सुरू असेल किंवा पाणी खराब असेल, तर गेट बंद. सुरुवातीला बावटा कित्येक महिने लालच राहील, मान्य. पण मग बागेत येणारा प्रत्येक जण विचारेल, ‘अजून लालच का?’ आज हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण कुणाला पाण्यात जायचंच नसतं.

‘पाणी स्वच्छ झाल्यावर बघू’ म्हणून भागणार नाही. एकदा काठ पक्का बांधला की तो फोडून उतार कोण करणार? ओंकारेश्वराला घाट आहे, तो जुन्या पुणेकरांना नदीशी काम होतं म्हणून. आपल्यालाही पडू दे ना काहीतरी काम!