तांबोशी आमिषाला नाही, जागेला लागते

भातझोडणी आटपली की आमच्या खाडीकाठच्या गावांत तंगूस आणि गळ बाहेर निघतात. हल्ली त्यात रॉड-रीलवाली पोरंही आली आहेत. चांगलंच आहे. पण सगळ्यांचा प्रश्न एकच: तांबोशीला आमिष कुठलं लावू?

माझं मत सरळ सांगतो. हा प्रश्न म्हणजे जमीन न बघता बियाण्याचं वाण विचारण्यासारखा आहे. आधी जागा, मग पाणी, मग वेळ, आणि सगळ्यात शेवटी आमिष. दुसरी गोष्ट, ती जागा टिकवणं मच्छीमाराइतकंच बांधाच्या आतल्या शेतकऱ्याच्याही हातात आहे. म्हणूनच शेतीच्या पानावर माशाचं लिहितोय.

आधी मासा समजून घ्या. तांबोशी, गोव्यात तांबसो, म्हणजे मॅन्ग्रोव्ह रेड स्नॅपर. तिचं लहानपण खाडीत, कांदळवनाच्या मुळांत जातं. मोठी झाली की ती खाडी सोडून समुद्रातल्या खडकाळ जागांवर जाते आणि अंडी तिकडेच घालते. म्हणजे खाडी हा तिचा तरवा, लावणीचं शेत बाहेर. तरवाच गेला तर लावणार काय?

आता जागा. तांबोशी लांब पाठलाग करत बसत नाही, दबा धरून झडप घालते. त्यामुळे तिला तीन गोष्टी लागतात: लपायला आडोसा, आडोशाला लागून थोडं खोल पाणी, आणि समोरून खाणं घेऊन येणारा प्रवाह. पुलाचे खांब, जुनी जेटी, पाण्यात पडलेलं झाड, चिप्पीची मुळं, कालवं धरलेले खडक, खारबांधाच्या उघाडीसमोरचा डोह, या तिच्या जागा. नुसता सपाट चिखल असेल तिथे रात्रभर बसलात तरी शेंगटीच लागेल.

ही जागा शोधायला यंत्र लागत नाही. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला जेव्हा पाणी सगळ्यात जास्त उतरतं, तेव्हा गळ न घेता खाडीकाठानं चालत जा. शेताचा सातबारा तलाठ्याकडे मिळतो, खाडीचा सातबारा या ओहोटीत उघडा पडतो. कुठे खडक आहे, कुठे वहाळ खाडीला मिळतो, कुठे पाणी उतरूनही डोह राहतो, सगळं दिसतं. वहीत काढून ठेवा. दोन-तीन उधाणं असं फिरलात की निम्मं काम झालं.

मग पाणी. आपल्याकडे जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला साधारण 3 वाजता, अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ. हा अंदाज आहे. बंदराप्रमाणे थोडा पुढेमागे होतो आणि खाडीत आत भरती उशिरा पोचते. उधाणाच्या भरतीला पाणी पार मुळांत शिरतं आणि मासाही आत पांगतो. तेव्हा घाई करू नका. पाणी उतरायला लागलं की आतली कोळंबी, लहान मासे, खेकडे वहाळाच्या वाटेनं बाहेर येतात आणि तांबोशी त्या तोंडाशी येऊन थांबते. ओहोटीचे पहिले दोन तास तिथे बसा. भांगाला पाण्याला जोर नसतो, तेव्हा पुलाचे खांब आणि डोह बरे. दोन्ही वेळी संध्याकाळनंतरचा काळ चांगला, कारण ही मुख्यतः अंधारात शिकार करणारी जात आहे.

आमिषाचं सांगतो एकदाचं. तिथल्याच पाण्यातली जिवंत कोळंबी, लहान खेकडा किंवा बोयीचं पिल्लू. बाजारातला रंगीत प्लॅस्टिकचा मासाही चालतो, पण आडोशाला खेटून गेला तरच. तंगूस जाड घ्या, 0.60 ते 0.70 मि.मी., कारण लागली की ती पहिल्या दोन-तीन सेकंदांतच मुळांकडे धाव घेते. त्या वेळी ढील दिलीत तर तंगूस मुळात अडकला आणि मासा गेला. वर काढल्यावर गळ हातानं सोडवू नका, पक्कड वापरा. तिचे सुळे बोट फोडतात.

एवढं शिकून मासे मिळायला लागतात. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

तांबोशी हळू वाढणारी आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात तिचा अभ्यास झाला आहे. तिथे ती 50 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे आणि मादी अंडी घालण्याइतकी व्हायला साधारण अर्धा मीटर लांबी गाठावी लागते. त्या राज्यात 35 सें.मी.पेक्षा लहान तांबोशी ठेवता येत नाही आणि एका माणसाला पाचच ठेवता येतात. महाराष्ट्रानंही 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. पण खाडीच्या कोपऱ्यात रात्री गळ टाकणाऱ्याची पट्टी कोण बघायला येणार? तिथे आपलीच लाज आपल्याला हवी. म्हणून माझा साधा नियम सुचवतो: हातभर नसेल ती परत पाण्यात. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. वीतभर तांबोशीच्या ढिगाचा फोटो टाकून शाबासकी मागणाऱ्याला मी शाबासकी देणार नाही. तो तरवाच उपटून भाजी करतोय.

आता बांधाच्या आतलं. कोळंबी आणि खेकडे हे किडीचे लांबचे नातलगच आहेत, सगळे संधिपाद. जे औषध किडीला मारतं ते त्यांना सोडत नाही. क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रीन ही औषधं पाण्यातल्या जिवांना फार विषारी आहेत. खाचरात फवारणी करून दुसऱ्या दिवशी उघाडी उघडलीत तर ते पाणी थेट तांबोशीच्या ताटात जातं. मासा मेलेला दिसेलच असं नाही. खाणं संपलं की तो जागा सोडतो, आणि आपण म्हणतो, हल्ली खाडीत काही राहिलं नाही. कृषी खात्यातल्या मित्रांना विनंती: खारभूमीतल्या शिफारशीत मात्रेच्या खाली आणखी एक ओळ घाला, फवारणीनंतर पाणी किती दिवस खाचरात धरायचं याची.

कांदळवनाबद्दल शेतकऱ्यांचा राग मला ठाऊक आहे. बांध फुटतो, दुरुस्तीला वर्षं जातात, खारं पाणी शेतात येतं, खारफुटी रुजते आणि मग आपल्याच जमिनीत कोयता लावायची चोरी. ही तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय वेळेवर बांधदुरुस्ती हा आहे, बांधाबाहेरची झाडं तोडणं हा नाही. बाहेरचं कांदळवन लाटेचा जोर मोडतं, म्हणून तर बांध उभा राहतो. 2020 मध्ये राज्यानं पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष केलं. मान दिला, छान झालं. पण त्या झाडाखालचा चिखल, कालवं आणि खेकडे यांना जपलं तरच त्या मानाला अर्थ.

तर यंदा खाडीवर जाल तेव्हा नवा रॉड घेण्याआधी एक उधाण नुसतं चाला. आणि ज्यांची खाचरं उघाडीला लागून आहेत त्यांनी सांगा, फवारणीनंतर तुम्ही पाणी किती दिवस धरता? पुढच्या हंगामाआधी गावात यावर एकदा बसून बोलायला हवं.