घराचा पत्ता, कराचा पत्ता

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘व्याजदर वाढणार का?’ आणि दुसरा, आवाज जरा खाली आणून, ‘आमचा मुलगा बाहेर असतो, त्याला इथे रिटर्न भरावे लागते का हो?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला नोकरीत असतानाही येत नव्हते. दुसऱ्याचे येत होते. काउंटरपलीकडच्या कितीतरी आईबापांना मी ते समजावून सांगितले. फक्त एका घरात सांगायचे राहिले. ते घर माझे.

मुलगा २००९ साली अमेरिकेला गेला. जाण्याआधी दोन वर्षे पुण्यात नोकरी केली होती. २००८ च्या पावसाळ्यात त्याच्या नावावर कोथरूडला एक लहानसा फ्लॅट घेतला, बत्तीस लाखांना. थोडे कर्ज, थोडे माझ्या प्रॉव्हिडंट फंडातले. दोन वर्षांत परत येणार होता. तशी ती सगळीच मुले दोन वर्षांत परत येणार असतात.

नियम असा की, माणूस नोकरीसाठी परदेशी गेला की त्याचे इथले साधे बचत खाते तसेच ठेवता येत नाही. ते एनआरओ करावे लागते, म्हणजे ‘अनिवासी’ खाते. बाहेरून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई खाते उघडता येते. एनआरईच्या व्याजावर इथे कर नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र बँक तीस टक्के आणि वर उपकर कापून घेते. हे मी इतक्यांना सांगितले आहे की झोपेतही सांगेन. परंतु मुलाच्या खात्याचा फॉर्म समोर घेतला आणि त्यातल्या ‘अनिवासी’ या शब्दापाशी पेन थांबले. बाजूला ही उभी होती. म्हणाली, ‘राहू दे ना, येणारच आहे तो.’ फॉर्म टेबलाच्या खणात गेला.

त्याच खणात पुढे आणखी एक गोष्ट साठत गेली. मुलगा दर सुट्टीत यायचा आणि जाताना दहा-बारा कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून जायचा. ठेवींवरचा कर कापू नये म्हणून त्या काळी पंधरा-जी नावाचा जो फॉर्म बँकेत द्यायचे, त्याच्याही कोऱ्या प्रती त्यात असत. तो फॉर्म फक्त निवासी माणसासाठी होता. मला हे माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. दर एप्रिलमध्ये मी तो नेऊन देत होतो. रक्कम मोठी नव्हती, कुणाला फसवायचे मनात नव्हते. पण बँकेत असताना दुसऱ्या कुणाचे असे कोऱ्या सहीचे कागद मी पाहिले असते, तर केबिनमध्ये बोलावून चार शब्द सुनावले असते.

या गोष्टीचे बिंग फुटले ते आधारमुळे. देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो सप्टेंबर २०१० मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तोवर आमचे चिरंजीव सातासमुद्रापार. त्यामुळे आधार नाही. पॅन आणि आधार जोडण्याची शेवटची तारीख ३० जून २०२३ होती. अनिवासींना त्यातून सूट होती. पण सूट कुणाला? ज्याने आपण अनिवासी आहोत असे प्राप्तिकर खात्याला कळवले असेल त्याला. आमच्या दप्तरी मुलगा अजूनही कोथरूडमध्येच राहत होता. दुसऱ्या दिवसापासून त्याचे पॅन निष्क्रिय झाले. त्या वर्षी अशा अनेक अनिवासींची पॅन कार्डे एकाएकी निर्जीव झाली आणि खात्याला खुलासा काढावा लागला. पासपोर्टची प्रत जोडून, आपली खरी स्थिती कळवून ती पुन्हा जिवंत करावी लागली. आमचेही तसेच केले. पंधरा वर्षे टाळलेला शब्द मुलाने न्यू जर्सीतून एका दुपारी लिहून टाकला. त्याला त्याचे काहीच वाटले नाही. वाटले ते आम्हालाच.

खरा हिशेब समोर आला तो २०२४ च्या दिवाळीनंतर. फ्लॅट पंधरा वर्षे बंदच होता. दिवाळीत पणती लावण्यापुरता उघडायचा. विकायचे ठरले आणि ऐंशी लाखांना गिऱ्हाईक मिळाले. विकणारा इथला रहिवासी असता तर घेणाऱ्याने किमतीच्या एक टक्का, म्हणजे ऐंशी हजार रुपये कापून सरकारजमा केले असते. विकणारा अनिवासी म्हणून साडेबारा टक्के, त्यावर अधिभार, त्यावर उपकर, आणि तेही नफ्यावर नव्हे तर पूर्ण ऐंशी लाखांवर. अकरा लाख चव्वेचाळीस हजार रुपये. कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून आधी मिळवता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि घेणाऱ्याला घाई होती. त्या बिचाऱ्याला तर आमच्यापायी कर कापण्यासाठीचा टॅन नावाचा वेगळा क्रमांकही काढावा लागला.

प्रत्यक्ष कर किती होता? बत्तीसला घेतला, ऐंशीला विकला. नफा अठ्ठेचाळीस लाख. साडेबारा टक्क्यांनी सहा लाख, चार टक्के उपकर धरून सहा लाख चोवीस हजार. उरलेले पाच लाख वीस हजार परत मिळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे विवरणपत्र भरणे. मुलाने २०२५ च्या जुलैमध्ये आयुष्यातले पहिले ‘अनिवासी’ विवरणपत्र भरले आणि पैसे परत आले. ‘माझे सगळे कापूनच घेतात, मग रिटर्न कशाला?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक अनिवासी मुलाच्या आईवडिलांनी ही बेरीज-वजाबाकी एकदा कागदावर मांडून पाहावी. कापलेला कर म्हणजे भरलेला हिशेब नव्हे. हिशेब आपण मांडायचा असतो.

आता यातला एक भाग सरकारलाही ऐकवला पाहिजे. जुलै २०२४ मध्ये घरांवरच्या नफ्याचा कर बदलला. महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची जुनी सवलत गेली आणि दर वीसचा साडेबारा झाला. ओरड झाली, तेव्हा २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांसाठी जुना किंवा नवा, जो हिशेब फायद्याचा तो निवडण्याची मुभा मिळाली. मात्र ती फक्त निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. आमचाच फ्लॅट घ्या. महागाईचा निर्देशांक २००८-०९ साली १३७ होता, २०२४-२५ साली ३६३. त्या हिशेबाने बत्तीस लाखांचे जवळजवळ पंच्याऐंशी लाख होतात. म्हणजे ऐंशीला विकून नफाच नाही. शेजारच्या जोशीकाकांना त्याच इमारतीतल्या, त्याच वर्षी घेतलेल्या तशाच फ्लॅटवर कर शून्य आणि आमच्या मुलाला सव्वासहा लाख. महागाई काय मालकाचा पासपोर्ट पाहून वाढते?

पैसे घेऊन माणूस विमानात बसला तर त्याला कुठे शोधायचे, ही सरकारची भीती मला कळते. कर्जवसुलीत मीही ती अनुभवली आहे. म्हणून मुळातच कपात करा, जरूर करा. पण ती नफ्यावर करा. आणि घर जर त्याच मातीवर उभे असेल, तर त्याला मोजण्याची फूटपट्टीही तीच असू द्या. साधा पगारदार मुलगा वीस वर्षांपूर्वी घेतलेले एकुलते घर विकतो, तेव्हा त्याला पळून जाणारा धनिक समजण्याचे कारण नाही.

मात्र सरकारला दोष देऊन आपली सुटका होत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत कर नाही हे ऐकून कितीतरी घरांतून परदेशी फोन गेले असतील. तो शून्य कर करसवलतीमुळे होता आणि ती सवलत निवासींनाच आहे. अनिवासीला नव्या पद्धतीत चार लाखांची मूळ सूट तेवढी मिळते. ज्येष्ठ नागरिकाला जुन्या पद्धतीत मिळणारी जादा सूटही अनिवासी ज्येष्ठाला नाही. इथल्या घराचे भाडे अनिवासीला देणाऱ्या भाडेकरूनेही कर कापायचा असतो, हे तर भाडेकरूला माहीत नसते आणि घरमालकाच्या वडिलांनाही नसते. हे सारे ठाऊक करून घेण्याचे काम आपण कुणावर टाकले आहे? पंचाहत्तरीच्या, मोबाइलवरचा ओटीपी वाचायला चष्मा शोधणाऱ्या माणसावर. तो गेल्यावर खणातले कागद कुणाला उलगडणार?

अमेरिकेतल्या मुलामुलींची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक देश माणूस कुठे राहतो हे पाहून कर लावतात. अमेरिका नागरिकत्व पाहते. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहो, त्याने तिथे दरवर्षी जगभरच्या उत्पन्नाचे विवरण द्यायचे. इंग्लंडचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन न्यूयॉर्कमध्ये जन्मले एवढ्या कारणाने अमेरिकेने त्यांच्या लंडनमधल्या घराच्या विक्रीवर कर मागितला. २०१४ साली ते त्यावर बरेच संतापले आणि मग त्यांनी तो भरला. पुढे नागरिकत्वही सोडले. आपल्या घरात याचा अर्थ असा की, इथे करमुक्त असलेले एनआरईचे व्याज तिथे करपात्र असते. परदेशी खात्यांतली सगळी मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर ती खातीही वेगळी कळवायची असतात. मी माझ्या पेन्शनच्या खात्यात सोय म्हणून मुलाचे नाव दुसरे घातले होते. ते खातेही त्याला कळवावे लागले. सोय माझी, फॉर्म त्याचा. एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून १९८९ साली झालेला भारत-अमेरिका करार आहे; पण त्याचा फायदाही दोन्हीकडे कागद भरणाऱ्यालाच मिळतो. आणि उद्या हाच मुलगा साठाव्या वर्षी कायमचा पुण्यात आला, तरी निळा पासपोर्ट खिशात असेतोवर डेक्कनवरून त्याला वॉशिंग्टनचा फॉर्म भरत राहावे लागेल.

त्या मानाने आपला कायदा मला घरगुती वाटतो. तो पासपोर्टचा रंग पाहून सुरुवात करीत नाही, दिवस मोजतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे होता का? मागच्या चार वर्षांत किती होता? २०२० पासून इथले उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असणाऱ्यांसाठी हा हिशेब आणखी कडक झाला. आपल्या कोकणातली मुले बोटीवर असतात. त्यांच्या सीडीसी पुस्तकातल्या बोटीवर चढण्याच्या आणि उतरण्याच्या तारखांवरून दिवस धरण्याचा नियम २०१५ साली झाला. १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ साली नवा कायदा केला आणि त्याला १ एप्रिल २०२६ ही तारीख दिली. त्यातही दिवस मोजण्याची ही रीत कायम आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ही वर्षानुवर्षे असेच करते आहे. मुलगा आला की त्या तारखेवर खूण, गेला की खूण. आई आणि प्राप्तिकर खाते, दोघेही दिवस मोजतात. पासपोर्टवरचे शिक्के मुलाला सापडेनात तेव्हा विवरणपत्रासाठी आम्ही तेच कालनिर्णय काढले. गेल्या वर्षी एकवीस दिवस. त्याआधी सोळा. करोनाच्या वर्षी एकही नाही.

त्या बेरजेने मला जे सांगितले ते मी पंधरा वर्षे ऐकायला तयार नव्हतो. ‘अनिवासी’ या शब्दात अपमान नाही आणि ताटातूटही नाही. माणूस कुठे राहतो एवढेच तो सांगतो. कुणाचा आहे हे तो विचारत नाही. ते आपणच त्या रकान्यात वाचतो आणि घाबरतो. मग खोटा पत्ता जपत बसतो आणि त्यालाच माया म्हणतो. मुलांना माझे सांगणे असे की, आईवडिलांच्या खणात कोऱ्या सह्या ठेवून जाऊ नका. खाती खऱ्या नावाने करा, पॅनवरची स्थिती कळवा, आपले विवरणपत्र आपण भरा आणि त्याची एक प्रत घरी पाठवा. आणि माझ्या वयाच्या वाचकांना सांगणे एवढेच की, तो फॉर्म खणातून बाहेर काढा.

त्या जुलैच्या रात्री मुलगा व्हिडिओवर होता. फॉर्म भरता भरता एका रकान्यापाशी थांबला आणि सवयीने म्हणाला, ‘बाबा, इथे काय लिहू?’ ही माझ्या मागे उभी होती. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, ‘खरं ते लिही. आणि डिसेंबरात किती दिवसांसाठी येतोस ते सांग.’