खेळातील देव आणि देवांची जंत्री

कागदावर एखादे काल्पनिक राज्य उभे करणे फारसे अवघड नाही. नकाशा काढावा, त्यात दोन नद्या, एक डोंगररांग आणि चार किल्ले दाखवावेत, राजघराण्याला भारदस्त नाव द्यावे, की निम्मे काम झाले. अडचण सुरू होते ती त्या राज्यात पहिले देऊळ बांधावयाची वेळ येते तेव्हा. देव कोणता, त्याची कथा काय, लोक त्याला का भजतात आणि का भितात, या प्रश्नांची उत्तरे रेघा ओढून मिळत नाहीत. भूमिका घेऊन खेळावयाच्या साहसखेळांचा छंद अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाला आणि भारतातील मोठ्या शहरांतल्या तरुणांतही तो आता आढळतो. या खेळासाठी कल्पित जग रचणाऱ्याला देवांचे साहित्य कोठून आणावयाचे हा प्रश्न हटकून पडतो. प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा आहे. परंतु तो आजवर कोणी कसा सोडविला हे पाहू लागले म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेकडे पाहण्याच्या दोन अगदी भिन्न रीती समोर येतात. आणि त्यांतील कोणती रीत तरुण मनाच्या अंगवळणी पडावी, हा प्रश्न मात्र केवळ करमणुकीचा राहत नाही.

या खेळांचा आद्य नमुना म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची ही निर्मिती १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातून प्रसिद्ध झाली. चार-सहा मित्र टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे योद्धा, जादूगार, पुरोहित अशा भूमिका घेऊन आपण काय करू ते बोलून दाखवितात. आणि बेत साधला की फसला याचा निर्णय फासे देतात. पुरोहिताला दैवी शक्तीचे पाठबळ असते हे प्रथमपासून गृहीत होते. पण तो देव कोण, याचा उलगडा मूळच्या तीन पुस्तिकांत नव्हता. पुढे रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी १९७६ साली एक पुरवणी-पुस्तिका आणि १९८० साली ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ हा मोठा ग्रंथ तयार केला. ग्रीस, इजिप्त, बॅबिलोन, चीन, जपान, फिनलंड, भारत, मध्य अमेरिका अशा जगभरच्या देवांना त्यात एका छपराखाली आणले होते.

हे देव कोणत्या स्वरूपात आणले गेले ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येकाच्या नावाखाली एक कोष्टक होते. चिलखताचा दर्जा किती, एका घावात इजा किती, आणि स्वतः किती घाव सोसल्यावर त्याचा अंत होईल, याचे आकडे त्यात दिलेले असत. १९७६ च्या पुस्तिकेत नॉर्स लोकांचा देवपिता ओडिन याचा हा प्राणांक ३०० होता. १९८० च्या ग्रंथात ग्रीकांच्या झ्यूसचा ४०० होता. पुस्तिकेचे संपादक टिम कॅस्क यांनी प्रस्तावनेत हेतू स्पष्ट केला होता. काही सूत्रधार आपल्या गड्यांना अवाच्या सवा सामर्थ्य वाटून टाकतात; खुद्द देवांचे बळ आकड्यांत मांडले म्हणजे त्या बडेजावाचा फोलपणा उघड होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. हेतू चांगला होता. परंतु ज्याला प्राणांक आहे त्याला मारता येते, हा खेळाचा साधा नियम आहे. साहजिकच देवांची यादी ही मारावयाच्या राक्षसांचीच आणखी एक यादी, अशी अनेकांची समजूत झाली. हा दोष केवळ खेळणाऱ्यांचा मानता येणार नाही. मांडणीतच तो निष्कर्ष दडलेला होता.

कोष्टकात काय हरवते हे एका उदाहरणावरून ध्यानात यावे. एलियास लोनरोट यांनी फिनलंडमधील लोकगीते गोळा करून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. त्याची पहिली आवृत्ती १८३५ सालची, वाढविलेली १८४९ सालची. त्यात मृत्युलोकाच्या अधिपतीची आंधळी मुलगी लोव्हियातार नऊ पुत्रांना जन्म देते आणि ते पुत्र म्हणजेच माणसांना जडणारे रोग ठरतात. रोगाचा जन्म कसा झाला हे मंत्रातून सांगितले म्हणजे त्या रोगावर सत्ता चालते, अशी फिनिश लोकपरंपरेची श्रद्धा होती. म्हणजे अशा कथेची खरी जागा रुग्णाच्या उशाशी होती. खेळाच्या ग्रंथात लोव्हियातार आली ती वेदनेची दुष्ट देवता म्हणून. तिच्या नावापुढे आकडे लागले आणि आजारी माणूस मात्र कथेतून नाहीसा झाला. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार नेऊन ठेवण्याची चाल ज्याने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्या मराठी माणसाला या देवतेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. ती दुष्ट की सुष्ट हा विचार तेथे गौण असतो. तिची समजूत घालून तिला वाटेला लावणे हे महत्त्वाचे असते.

भारतावरील प्रकरणाची गत याहून वेगळी नाही. अग्नी, इंद्र, वरुण, उषा, रात्री, रुद्र अशी बरीचशी नावे वेदवाङ्मयातून घेतलेली. ती चुकीची नव्हेत. परंतु ज्याच्या पायरीवर सामान्य माणूस रोज डोके टेकतो, ज्याला नवस बोलतो आणि प्रसंगी ज्याच्यावर रुसतो, तो गावचा देव त्या प्रकरणात सापडत नाही. जेजुरीच्या खंडोबाचेच पाहावे. तलवार, घोडा आणि मणि-मल्ल दैत्यांचा वध एवढे लिहून त्याचे कोष्टक सहज भरता येईल. पण त्याची म्हाळसा लिंगायत वाण्याच्या घरची आणि बाणाई धनगराच्या घरची. म्हाळसा देवासोबत गडावर नांदते आणि बाणाईचे देऊळ गडाच्या चढणीवर निम्म्या वाटेत आहे. पेठेतला व्यापार आणि माळावरचा मेंढवाडा यांचे नाते, त्यातली ओढ आणि त्यातली तेढ, सारे या एका संसारात उतरले आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन संशोधकाने धनगरांच्या वाड्यांवर जाऊन, त्यांच्या ओव्या ऐकून बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावर १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या देवाचा मागोवा याच वाटेने घेतला. देव समजून घ्यावयाचा तर भक्ताच्या दारावरून जावे लागते, हे या अभ्यासकांनी दाखवून दिले.

१९८० च्या त्या ग्रंथाची आणखी एक हकीकत उद्बोधक आहे. त्यात लव्हक्राफ्ट आणि मूरकॉक या आधुनिक लेखकांच्या कथांतील काल्पनिक देवांनाही प्रकरणे दिली होती. त्यांच्या वापराचे हक्क दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेकडे असल्याने प्रश्न उपस्थित झाला आणि पुढील मुद्रणांतून ती दोन्ही प्रकरणे वगळली गेली. म्हणजे कोणा लेखकाच्या मनातून निघालेल्या देवाला कायद्याचे संरक्षण होते. ज्यांच्यापुढे आजही कोट्यवधी हात जोडले जातात त्या देवांना, किंवा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या देवांना, ते नव्हते. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांसाठी मात्र ग्रंथात प्रकरणच नव्हते. जी श्रद्धा शेजारी नांदते तिच्याविषयी संकोच, जी दूर आहे तिच्याविषयी मोकळीक, असा हा न्याय होता. पुढच्या काळात थोडा विचार झालेला दिसतो. याच खेळाच्या २०१४ सालच्या नियमग्रंथाच्या परिशिष्टात ग्रीक, इजिप्शियन, नॉर्स आणि केल्टिक देवांच्या याद्या आहेत. भारतीय देवांची यादी तेथे नाही.

मग कल्पित जगासाठी देव आणावेत कोठून? या प्रश्नाचे एक उत्तर खेळाच्याच क्षेत्रातून मिळाले. ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून ‘ग्लोरान्था’ नावाचे जग मनाशी रचण्यास प्रारंभ केला होता. स्टीव्ह पेरिन यांच्यासह १९७९ साली त्यांनी ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ हे पुस्तक काढले. त्यात देवापेक्षा उपासकांच्या पंथांना अधिक जागा आहे. पंथाची कथा कोणती, मेल्यानंतर काय होते असे ते मानतात, सामान्य भक्त, दीक्षित आणि पुरोहित यांची कर्तव्ये कोणती, मित्रपंथ कोणते, हे त्यात क्रमाने येते. आणि त्या प्रदेशातून फिरणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या प्रवासवृत्तांतून या पंथांची माणसे वाचकाला भेटतात. कॅनडाचे एड ग्रीनवुड हे ग्रंथालयात काम करणारे गृहस्थ. त्यांचे ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी काही देव जुन्या ग्रंथांतून तयार उचलले, लोव्हियातारही त्यांतच आली. पण त्यांच्या जगातील खलाशी समुद्राच्या क्रूर देवतेला प्रेमाने भजत नाहीत. गलबत बुडू नये म्हणून तिचा वाटा तिला देतात. हा एक तपशील डझनभर कोष्टकांहून अधिक सांगून जातो.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला असा, की खेळ तो खेळ. त्यात एवढा खोल विचार कशाला? परंतु ज्या खेळात माणूस तासन्‌तास दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहतो, तो खेळ काही ना काही शिकवून जातोच. श्रद्धा म्हणजे वापरावयाचे एक हत्यार, देव म्हणजे सामर्थ्याचा साठा, एवढेच तेथे शिकले तर ती दृष्टी टेबलावरून उठल्यावर तेथेच ठेवून येता येत नाही. दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूचा. देवांना खेळात आणणे हीच विटंबना, तेव्हा ते थांबवावे, असे काही जण म्हणतील. त्यांनी मराठी परंपरेकडेच वळून पाहावे. तमाशाच्या गवळणीत मावशी कृष्णाची यथेच्छ थट्टा करते. कोकणात दशावताराच्या प्रयोगाला ‘खेळ’च म्हणतात आणि त्यात देव तोंडाला रंग लावून लोकांसमोर उभा राहतो. त्याने कोणाच्या भक्तीला बाध येत नाही, कारण पाहणारा आणि खेळणारा दोघेही त्या देवाच्या घरचे असतात. खेळण्याने देवाचा उपमर्द होत नाही. ओळख नसताना केलेल्या सलगीने होतो.

म्हणून कल्पित जगाच्या रचनाकाराने दोन पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. ज्या देवाचे भक्त आज हयात आहेत तो देव आयता उचलून त्याला आकडे चिकटविण्यापेक्षा, त्या भक्तीची घडण कशी झाली ते अभ्यासावे आणि त्या घडणीवरून आपला नवा देव रचावा. दुसरे पथ्य असे, की देवाचे शस्त्र कोणते हे विचारण्यापूर्वी त्याच्या देवळाची चौकशी करावी. दिवा कोण लावते? पायरीपलीकडे कोणाला मज्जाव आहे? मूल तापाने फणफणले म्हणजे आई त्या देवाला काय कबूल करते, आणि मूल दगावले तर त्याच देवाला काय बोलते? पाऊस न पडलेल्या वर्षी जत्रा भरते की नाही? या प्रश्नांची उत्तरे ज्याने लिहिली त्याला देवाच्या सामर्थ्याचे कोष्टक फारसे लागणार नाही.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना येथे एक संधीही आहे. एखादा विद्यार्थी वहीत काल्पनिक राज्याचा नकाशा काढताना दिसला तर वही हिसकावून घेण्याचे कारण नाही. त्याच्या राज्यात देऊळ कोठे आहे एवढे विचारावे, आणि सुट्टीत आपल्या गावच्या देवाची कथा गुरवाकडून, वाघ्याकडून किंवा आजीकडून ऐकून लिहून आणण्यास सांगावे. या कथा सांगणारी माणसे आता थकत चालली आहेत आणि त्यांच्याकडे वही घेऊन जाणारे फार थोडे आहेत. खेळाच्या निमित्ताने का होईना, कोणी विचारावयास आले तर ती नक्कीच सांगतील.